तीन मोजून ऐकणारी होडी

पत्रक: धडक. खडप क्रमांक चार. वेळ अकरा वाजून सहा मिनिटं चाळीस सेकंद.

पडदा: मोकळं पाणी. होडी शांत चालली आहे.

एक.

दोन.

तीन.

पडदा: धडक.

*

किशोरीच्या हातात पत्रक दाखवणारा टॅब होता आणि समोर भिंतभर पडदा. दोन्ही एकाच वेळी तिनं आजवर कधी पाहिले नव्हते. तिची जागा काचेपलीकडच्या टेबलापाशी. तिथं फक्त पत्रक दिसतं: होडी कुठं आहे, वेग किती, कुठं घासली, किती गुण गेले. पडदा आतल्या खोलीत, आणि पाळी चालू असताना आत परीक्षक आणि परीक्षा देणारा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, सोडून तिसऱ्यानं जायचं नाही. आज सकाळी परीक्षकांच्या टेबलावरचा संगणक रुसला म्हणून सामंतसाहेबांनी तिला टॅब घेऊन आत उभं केलं होतं. तोंड बंद ठेवून उभं राहायचं, एवढंच काम.

टॅबवर होडी आपटली तेव्हा पडद्यावर ती आपटलेली नव्हती.

किशोरीला आधी वाटलं, आपलेच डोळे.

दत्ताराम तात्यांनी सुकाणूवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यावर माणसं नेण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. ह्याच खडपांमधून, समुद्रातल्या खडकांमधून, दिवसातून सहा खेपा. खडप कुठं डोकं वर काढतं आणि कुठं नुसतं पाण्याखाली दबा धरून बसतं, ते त्यांना घरातल्या उंबऱ्यासारखं पाठ होतं. आणि पडद्यावर, खोट्या पाण्यात, ते दोन दिवसांत दुसऱ्यांदा त्याच खडपावर चढले होते.

"दुसरी पाळी, नापास," परीक्षक हरिश्चंद्र सामंत म्हणाले आणि लिहिलं. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर नापास लिहून त्याचा आवाज सपाट झाला होता. "यंत्राबद्दल काही तक्रार?"

"नाय."

"इथं खूण करा."

फॉर्मवर दोन चौकोन होते. आहे. नाही. तात्यांनी दुसऱ्यात खूण केली, पेन दोन्ही हातांनी परत दिलं.

"तिसरी पाळी बारा वाजता. तिसरी शेवटची, माहीत आहे ना?"

"म्हायत आसा."

माहीत सगळ्यांनाच होतं. प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक तांडेलानं ह्या वर्षीपासून पडद्यावरची चाचणी द्यायची. पाळ्या तीन. तिन्ही गेल्या की दोन वर्षं अर्ज नाही. आणि बासष्ट उलटल्यावर अर्जच घेत नाहीत. तात्या एकसष्ट वर्षांचे. बारा वाजता हुकलं तर ते आपल्याच होडीत, बायकोच्या नावाच्या 'शेवंती'त, दुसऱ्या कोणाला तरी सुकाणूपाशी बसवून स्वतः फळीवर बसणार होते. जन्मभर.

दारावर सूचना चिकटवलेली होती: *पाळी चालू असताना परीक्षार्थीशी बोलू नये. बोलल्यास पाळी रद्द व नापास धरली जाईल.* काल पहिल्या पाळीच्या आधी तात्यांनी ती अक्षर अक्षर वाचली होती आणि किशोरीकडे बघून हसले होते.

"ह्यो नेम आमचोच आसा गो. खडपातसून जाताना तांडेलाशी कोणी बोलाचा नसता. माणूस पाण्यात पडलो, तरच बोलाचा."

*

पंखा.

तात्या चहाला बाहेर गेले, सामंतसाहेब डबा काढायला वळले, आणि किशोरीला पंखा ऐकू आला. टेबलाखालचा, पडदा चालवणाऱ्या संगणकाचा खोका घोंघावत होता, जत्रेतल्या जनरेटरसारखा. तिच्या टेबलापाशी काचेतून तो कधीच ऐकू यायचा नाही.

तार बघते आहे असं दाखवत ती उकिडवी बसली. खोक्याला हात लावला. वरची बाजू तापलेली, भाकरीच्या तव्यासारखी. मग हात खाली सरकवला, जिथं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असतं. चित्रं काढणारं कार्ड. ह्या सगळ्या यंत्रातली सगळ्यात महाग वस्तू. ते आलं तेव्हा सामंतसाहेबांनी त्याच्यापुढं नारळ फोडायला लावला होता.

थंड.

कार्डाचा स्वतःचा छोटा पंखा जाळीतून दिसतो. त्याच्या पात्यावर धूळ बसली होती. धूळ हलत नव्हती.

किशोरीनं हात काढला आणि पुन्हा ठेवून बघितला. ती नांदगावची, काजूच्या बागेतली मुलगी. तिला पोहता येत नाही, आणि होडीत पाय ठेवतानाही ती फळी अशीच दोनदा चाचपते.

*

तिच्या टेबलावरून नोंदी उघडायला अर्धं मिनिट लागलं. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला प्रोग्राम शंभरेक ओळी लिहितो. कोणी वाचत नाही. अडुसष्टावी ओळ अशी होती:

*कार्ड उघडता आलं नाही. परवानगी नाही. चित्रं प्रोसेसर काढेल.*

कालच्या पाळीत तीच ओळ. परवाच्या. त्याच्या आदल्या. नऊ दिवस मागं.

दहाव्या दिवशी नव्हती.

त्या दहाव्या दिवशी बाळा खवणेकर नावाच्या तांडेलानं आपली पहिली पाळी सुरू होण्याआधी गंमत म्हणून दोन-तीन बटणं दाबली होती आणि गुणांचा तक्ता अर्धा दिवस उलटा दिसत होता. सामंतसाहेब तापले. "परीक्षेसाठी वेगळं खातं करा. त्या खात्याला काही म्हणजे काही करता येता कामा नये." किशोरीनं केलं. 'परीक्षा' नावाचं खातं उघडलं आणि एकेका यादीतून त्याचं नाव काढत गेली. ह्या यादीतून काढ, त्या यादीतून काढ. चोख काम. संध्याकाळी साहेबांनी शाबास म्हटलं.

त्यातली एक यादी कार्डाच्या दाराची होती.

प्रोग्रामला कार्डाशी सरळ बोलता येत नाही. मधे ड्रायव्हर असतो. प्रोग्रामनं ड्रायव्हरला सांगायचं, इथं पाणी, इथं खडप, इथं लाट. ड्रायव्हर ते कार्डाच्या भाषेत घालणार, कार्ड डोळ्याचं पातं लवायच्या आत चित्र काढून देणार. नांदगावच्या देवळात तिच्या बाबांनाही देवाला सरळ काही सांगता यायचं नाही. गाऱ्हाणं घालणार मानकरी. बाबा खांबाच्या अलीकडे उभे. पण मानकऱ्यापर्यंत तरी पोचता यायला हवं ना? किशोरीनं 'परीक्षा'ला देवळाच्या पायरीवरूनच परत पाठवलं होतं.

आणि प्रोग्राम भला. कार्ड मिळालं नाही म्हणून तो अडून बसला नाही, ओरडला नाही, पडद्यावर तांबडी चौकट आणली नाही. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः बसला चित्रं काढत. सेकंदाला साठ काढायची तिथं चार. बाकीची रांगेत. होडी कुठं आहे हा हिशेब वेळेवर होत होता, म्हणून पत्रक बरोबर होतं. चित्र मागून येत होतं. तीन सेकंद मागून. तांडेल जे पाहत होता ते होऊन गेलेलं होतं.

रोज सकाळी यंत्र तपासून सही किशोरीच करायची. पण तपासायची ती स्वतःच्या खात्यातून. तिचं नाव सगळ्या याद्यांत होतं.

नऊ दिवस. अकरा तांडेल. दत्ताराम तात्या धरून आठ नापास. त्यातले सात घरी गेलेले, तिन्ही पाळ्या संपवून.

एकानंही 'आहे'च्या चौकोनात खूण केलेली नव्हती. हेच तिला कळेना. आठ माणसं, तेवीस पाळ्या, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही, की चित्र उशिरा येतं?

*

"सर."

सामंतसाहेब घावण्याचा तुकडा चटणीत बुडवत होते.

"आतलं मशीन जरा हळू चालतंय असं वाटतं."

"वाटतंय की चालतंय?"

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं.

"तुम्ही रोज सकाळी सही करता ना?"

"करते."

"मग आज सकाळी चालत होतं."

"हो. पण परत एकदा बघते, सर."

"बघा की." त्यांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "एक सांगून ठेवतो. दोष निघाला तर मागचं सगळं वर कळवावं लागेल. एकूण एक निकाल. आणि वरून पहिला प्रश्न येईल, यंत्रात शेवटचा बदल, ते नवं खातं, कोणी केलं. तुमची कंत्राटाची मुदत कधी संपते?"

"एकतीसला."

"हं," ते म्हणाले. धमकी नव्हती. तारीख ऐकून माणूस म्हणतो तसं नुसतं हं.

किशोरीनं जे सांगायचं होतं ते गिळलं. ती आपल्या टेबलाकडे परतली.

*

अकरा सत्तेचाळीस. एक ओळ. 'परीक्षा' हे नाव कार्डाच्या दाराच्या यादीत.

अकरा अठ्ठेचाळीस. खातं बंद करून पुन्हा उघडलं.

अकरा एकोणपन्नास. आत जाऊन खोक्यापाशी उकिडवी. मोठा पंखा घरघरत, धापा टाकत शांत झाला. मग जाळीतल्या छोट्या पात्यावरची धूळ थरथरली आणि उडाली. बारीक, शिट्टीसारखा आवाज. पडद्यावरच्या लाटा, ज्या सकाळी चिकटवल्यासारख्या होत्या, त्या लोळू लागल्या.

एवढंच होतं.

तिनं स्वतःची समजूत घातली. आता तात्या पास होतील. कोणाचं काही बिघडणार नाही. बाकीचे सात... बाकीच्या सातांचं नंतर बघू. काहीतरी सुचेल. एकतीस तारीख जाऊ दे.

खिडकीतून तिला पायरीवर बसलेले तात्या दिसले. चहाचा ग्लास बाजूला ठेवलेला, चहावर साय आलेली. डोळे मिटलेले. उजवा हात हवेत एक सुकाणू धरून होता. हात वळायचा, थांबायचा, ओठ हलायचे, मग हात परत यायचा. वळायचा, थांबायचा, ओठ हलायचे.

देवाचं नाव घेतात, तिला वाटलं.

*

बारा.

तात्या आत आले. खुर्चीत बसण्याआधी टेबलाच्या कडेला बोटं लावून कपाळाला लावली, होडीत चढताना पाण्याला लावतात तशी. मग बसले, आणि किशोरीकडे मान वळवून, पेढा हातावर ठेवावा तसं म्हणाले:

"समाजली माका तुमची होडी."

"काय, तात्यानु?"

"जड आसा ती. सांगलेला तीन मोजून ऐकता. कायेक हरकत नाय. माझ्या आज्याचो शिडाचो पडाव तसोच होतो. आता मी तिका तीन आधीच सांगतलंय."

किशोरीनं तोंड उघडलं.

"सुरू," सामंतसाहेब म्हणाले आणि कळ दाबली.

*

०:००

आता बोलायचं नाही.

०:१५

मोकळं पाणी. सरळ रेघ. इथं वळण नाही, इथं मोजायला काही नाही. तात्यांची पाठ सैल आहे. खूश आहे ती पाठ. दोन पाळ्या गमावून त्यांनी एका आजारी यंत्राची नाडी ओळखली होती, नुसत्या हातांनी. किशोरीला नऊ दिवसांत, नोंदी उघडून, जे कळलं नव्हतं ते.

आणि तिनं तासाभराच्या सुट्टीत तो आजारच काढून टाकला होता.

०:४०

खडपांच्या तोंडाशी पोचायला दोन मिनिटं. म्हणजे आता ऐंशी सेकंद. सांगायला चार शब्द लागतात. चार शब्द बोलले की पाळी रद्द, रद्द म्हणजे नापास, तिसरी नापास म्हणजे संपलं. न बोलले की

०:५२

तांबडी बोया, पाण्यावर तरंगणारी खूण. पहिलं हलकं वळण. तात्यांनी ते लवकर घेतलं, तीन मोजायला जागा ठेवून. होडी लगेच वळली. बोया चुकीच्या अंगाला गेली. तात्यांची मान अर्धा इंच पुढं आली. हात उलटा फिरला, पुन्हा लवकर, पुन्हा जास्त. होडी दुसऱ्या अंगाला झुकली.

"ओढ आसा," ते स्वतःशीच पुटपुटले.

ओढ नव्हती. पाण्याला ओढ लावायची तर परीक्षक लावतात, आणि सामंतसाहेबांनी आज काही लावलं नव्हतं. पण तात्यांनी तसं धरलं: पाणी डावीकडून खेचतंय, होडी अजून जडच आहे. हुशार माणसानं धरावं ते सगळं त्यांनी धरलं. एक गोष्ट सोडून, की होडीच बदलली आहे.

१:२०

साहेब पत्रकाकडे बघतायत. पेन टेकलंय. 'नापास'चा 'ना' लिहायला फार वेळ लागत नाही.

१:३१

गप्प राहिली तर कोणाला काय कळणार आहे? तात्या आपटतील. 'नाही'च्या चौकोनात तिसरी खूण करतील. दोन्ही हातांनी पेन परत देतील. यंत्र आता ठीक चालतंय, कोणीही तपासा. तिच्यावर बोट येणार नाही. ते कधीच येणार नाही, आणि हेच

१:४४

पडद्यावर किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि त्याच्यामागचा माड. ते दोन एका रेषेत आले की वळायचं, ही धक्क्यावरच्या सगळ्यांची खूण. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी तीही चित्रात घेतली होती. आता माड कळसाच्या डावीकडे दोन हात आहे. दीड हात.

१:५१

एक हात. तात्यांच्या मनगटाची शीर वर आली. ते आत्ताच वळणार. तीन आधी. आत्ता वळले तर होडी सरळ चार नंबरच्या

"तात्यानु, मोजू नकात. ती आता लगेच ऐकता."

*

खोलीत कोणी किंचाळलं नाही, काही पडलं नाही. फक्त दत्ताराम तात्यांचा डावा हात, जो इतका वेळ वेगाच्या दांड्यावर नुसता टेकला होता, एका झटक्यात मागं आला. इंजिन बंद. होडी डुलली, पुढं सरकली, आणखी थोडी सरकली आणि उभी राहिली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चार नंबरचं खडप काळंभोर, ओलं, दोन वावांवर, जेमतेम आठ हातांवर.

पत्रक: धडक नाही.

पडदा: धडक नाही.

दोन्ही एकाच वेळी.

तात्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाण्यावर नजर ठेवूनच विचारलं:

"कोण पडलो?"

"कोणी पडूक नाय, तात्यानु."

"मगे बोललंस कित्याक?"

सामंतसाहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. "मॅडम," ते म्हणाले, "दारावर काय लिहिलंय?"

"वाचलंय, सर. मीच छापून लावलंय."

"पाळी रद्द झाली. तिसरी होती ती."

"सर, ती पाळी नव्हतीच. एकही पाळी पाळी नव्हती."

आणि मग तिनं सांगितलं. साहेबांसाठी ऑफिसातल्या मराठीत आणि तात्यांसाठी घरातल्या बोलीत, दोन्हींची सरमिसळ होत. खातं, याद्या, कार्डाचं दार, अडुसष्टावी ओळ. सकाळी उशिरा येणारं चित्र. अकरा सत्तेचाळीसला गुपचूप केलेली दुरुस्ती. तात्या मधेच म्हणाले, "म्हणजे गाऱ्हाणा घालुक मानकरीच नाय होतो," आणि ती म्हणाली, "होतो, पण मीच त्याच्याकडे कोणाक जावक देय नाय होतंय."

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"हे बघा. फॉर्मवर ह्यांनी दोनदा लिहून दिलंय, तक्रार नाही. माझ्याकडे परीक्षार्थीची तक्रार नाही. पत्रक बरोबर. यंत्र आता बरोबर. मग नऊ दिवसांचे निकाल मी कोणाच्या तक्रारीवर खोडू?"

"माझ्या," किशोरी म्हणाली.

"लिहून द्याल?"

तिनं कागद ओढला.

*

*मी, किशोरी गंगाराम मेस्त्री, कंत्राटी संगणक चालक, लिहून देते की, परीक्षेसाठी स्वतंत्र खातं मी तयार केलं. त्या खात्यास ग्राफिक्स कार्ड वापरण्याची परवानगी माझ्या हातून राहिली. त्यामुळे प्रोग्राम कार्डाच्या ड्रायव्हरपर्यंत पोचू शकला नाही व पडद्यावरील चित्र सुमारे तीन सेकंद उशिरा येत राहिलं. रोजच्या तपासणीत मी स्वतःचं खातं वापरल्याने हे माझ्या लक्षात आलं नाही. आज सकाळी लक्षात आल्यावर मी परीक्षकांना स्पष्ट सांगितलं नाही व परस्पर दुरुस्ती केली. या काळात चाचणी दिलेल्यांचे निकाल बरोबर धरू नयेत.*

सामंतसाहेबांनी वाचलं, कागद परत तिच्यापुढं सरकवला.

"नावं लिहा. सगळी. 'या काळात' म्हटलं की वर फाईल दाबून बसतात. नावं असली की बसता येत नाही."

तिनं लिहिली. यादी बघावी लागली नाही. पहिलं नाव बाळा खवणेकर, शेवटचं दत्ताराम कुबल.

साहेबांनी खाली सही केली, वेळ घातली. "शुक्रवारी," ते तात्यांना म्हणाले. "पहिली पाळी म्हणून. वरून मंजुरी मी आणतो. आणि मॅडम, तुमचं काय होईल ते मला माहीत नाही."

"हं," किशोरी म्हणाली.

*

पायरीवर तात्या चपला घालत होते. ऊन टोचत होतं. खाली धक्क्यावर कोणीतरी कोणाच्या तरी होडीच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवत शिव्या घालत होतं.

"तात्यानु, एक इचारू?"

"इचार."

"तुमका पयल्याच पाळयेक कळला असतला, ती उशिरा ऐकता म्हणान."

"पयल्या वळणार."

"मगे त्या कागदार 'तक्रार नाय' कित्याक लिवलात? दोन-दोन येळा?"

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं विचारलं होतं, सूर्य कुठं मावळतो.

"होडयेर बसान होडयेक नावा ठेवची नसतत गो. ती ऐकता. उतारल्यार काय ता बोलाचा."

"तुमी खुर्चयेत होतात, तात्यानु. ऑफिसात."

"तिसरी पाळी उरली होती मा? म्हणजे उतारलंय खंय?"

किशोरी उभीच राहिली. आठ माणसं. तेवीस चौकोन. त्या प्रत्येकाला कळलेलं होतं. प्रत्येकानं मुठीत धरून ठेवलं होतं, आणि तिन्ही पाळ्या संपल्यावर, खरोखर उतरल्यावर, त्यांना विचारायला तिथं कोणी नव्हतं. फॉर्म आधीच फाईलमध्ये गेलेला.

ती आत गेली. खुर्चीत बसून तिनं बाळा खवणेकरचा नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग कोणीतरी उचलला, मागं इंजिनाची धडधड.

"बाळा खवणेकर?"

"तो फळयेर बसलोहा. मी त्याचो भाचो. सुकाणू माझ्याकडे आसा. कोण बोलता?"

"तेंका दी फोन," किशोरी म्हणाली. "सांग, चाचणीच्या ऑफिसातसून. आणि तू पुढे बघ."

*

शुक्रवारी तिला आत जायला मनाई होती. चौकशी संपेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, असा कागद वरून आला होता; मंजुरीचाही त्याच पाकिटात. तिच्या टेबलावर सावंतवाडीहून पाठवलेली तेजस्वी नावाची मुलगी बसली होती. किशोरीनं तिला तीन गोष्टी सांगितल्या: आधी 'परीक्षा' खात्यातून तपास, खोक्याला हात लाव, अडुसष्टावी ओळ वाच. मग ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

दार बंद झालं.

दाराखालच्या फटीतून काही दिसत नव्हतं. तिनं कान दिला. मोठा पंखा नाही. नीट ऐकलं तर बारीक शिट्टी.

एक मिनिट. दोन. इथं खडपांचं तोंड. ती आपोआप मोजू लागली आणि थांबली.

साडेतीन.

चार.

आतून आवाज नाही. आत कोणी बोलत नव्हतं, हे चांगलं. कोणी पडलं नव्हतं.

सहा मिनिटं झाली आणि वर दहा सेकंद. मग खुर्ची सरकली. शिक्का आपटल्याचा आवाज आला, दोनदा. सामंतसाहेब नापासला शिक्का मारत नाहीत, नुसतं लिहितात.

दत्ताराम तात्या बाहेर आले. हातात कागद, त्याची शाई वाळायला ते तो वाऱ्यावर धरून चालत होते. किशोरीसमोरून ते थेट पायरीपर्यंत गेले, चपला घातल्या, पायरी उतरले, दोन्ही पाय मातीत नीट टेकवले. मग मागं वळले.

"आता उतारलंय," ते म्हणाले. "आता सांगतंय. तुमची होडी साफ बेकार आसा."

"काय झाला?"

"सुकाणू उजवेक ओढता. इंजिनाचो आवाज एका होडयेचो आणि चाल भलत्याच होडयेची. ती तांबडी बोया वीस हात आत व्हयी होती, थय तिका कोणी टाकली? आणि त्या देवळाच्या कळसार कावळो बसलोहा, तो सहा मिनटा हललो नाय. कावळो असो बसता काय?"

किशोरीनं पिशवीत हात घातला. वही होती, पेन कोपऱ्यात सापडलं. यंत्राला हात लावायला बंदी होती, लिहायला नव्हती.

"सावकाश सांगा, तात्यानु," ती म्हणाली. "सुकाणू उजवेक. किती उजवेक?"